अर्ध्या मिनिटाची वाफ

चित्र १

तो दार चुकला होता. शेजारच्या शाळेतला विज्ञानशिक्षक. जायचं होतं ऑफिसात, शिरला माझ्या अ‍ॅनिमेशनच्या वर्गात. माझे विद्यार्थी लहान मुलांसाठी फिल्म करत होते, पाण्याची वाफ कशी होते त्यावर. पण त्यांचं शिकवणारं पात्र लाकडासारखं हलत होतं.

"अर्धं मिनिट वाफ समजावता?" मी विचारलं. "व्हिडिओ घेते. त्यावरून मुलं चित्रं काढतील."

"म्हणजे माझं कार्टून होणार."

"झालंच आहे. नाकाला खडू लागलाय."

कॅमेरा त्याच्या समोर. मी कॅमेऱ्याच्या डावीकडे, खिडकीपाशी.

चित्र ४०

अर्ध्या मिनिटाचे पाच आठवडे झाले. मुलं त्याला वाफसर म्हणू लागली. दर गुरुवारी तो चित्रं तपासायला यायचा. थेंब असा नाही पडत, ढग जरा बारीक करा... चारला निघायचा. त्याची खुर्ची मी लगेच जागेवर ठेवत नसे.

मग एका गुरुवारी — "बदली झाली. सोमवारी हजर व्हायचंय. लांब आहे."

"अरे वा," मी म्हणाले.

वा कसलं.

चित्र ३१२

त्याच दुपारी फिल्म पडद्यावर. तो शेजारी. पडद्यावरचा वाफसर बोलता बोलता डावीकडे बघायचा. एकदा. दोनदा. पुन्हा.

"हे काय?" मी विचारलं.

"व्हिडिओत आहे ते, मॅडम," आमची चष्मेवाली म्हणाली. वर्गातली सगळ्यात काटेकोर मुलगी. "जसंच्या तसं उतरवलंय. तिकडे तुम्ही उभ्या होतात."

मागे कुणीतरी उगाच खोकलं.

"पुसू? तुम्हीच सांगता ना, जी हालचाल काही शिकवत नाही ती पुसायची."

मला शिकवलं होतं त्या हालचालीने. पाच आठवडे उशिरा.

चित्र ३१३ (अजून काढलेलं नाही)

वर्ग रिकामा. तो दाराशी, खांद्याला बॅग.

"पुसणार?"

"पुसावं लागेल. बघणाऱ्या मुलांना वाटेल, सरांचं लक्ष कुठेय."

"नव्हतंच."

मी खिडकी लावायला गेले. ती आधीच लागलेली होती.

"पुन्हा शूटिंग करावं लागेल," मी म्हणाले. "सरळ समोर बघून. पण तुम्ही तर..."

"रविवारी येईन. बदली माझी झालीय, रविवारची नाही."

"समोर बघायला जमेल?"

"तुम्ही कुठे उभ्या राहता, त्यावर आहे."

मी त्याची खुर्ची उचलून जागेवर ठेवली.

"कॅमेऱ्याच्या मागे," मी म्हणाले.