तीस ठोके

दुकानात एकूण एकेचाळीस घड्याळं होती. त्यातली चालू सव्वीस, आणि एकमेकांशी जुळणारी नऊ. भिंतीला काचेचं एक कपाट, त्यात मखमलीचे तेवीस खण, त्यांपैकी बावीस भरलेले. खुर्ची एक, घड्याळजी एक. हे सगळं मी मोजलं, कारण तो डोळ्याला भिंग लावून मी आणलेलं घड्याळ तपासत होता आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघायची मला भीती वाटत होती.

"दिवसाला किती पुढे जातंय?"

"बावन्न मिनिटं. तीन दिवस मोजलं. एक्कावन्न, बावन्न, बावन्न."

त्यानं भिंग कपाळावर सरकवलं. वयानं माझ्याएवढाच असेल. "लोक म्हणतात, जरा पुढे जातंय."

"मी प्रयोगशाळेत काम करते."

त्यानं टेबलाच्या ड्रॉवरमधून छोटं होकायंत्र काढून घड्याळाशेजारी ठेवलं. सुई गर्रकन वळली.

"प्रयोगशाळेत काय आहे?"

"चुंबक..."

"केवढं?"

"खोलीएवढं."

"आणि त्याच्याजवळ हे घालून उभ्या राहिलात? दारावर पाटी नाही लावलेली?"

"लावलीय. मीच लावलीय."

तो हसला नाही. हसू नये म्हणून त्याला बरेच कष्ट पडले, ते मात्र दिसले.

घड्याळ आईचं होतं. एकतीस वर्षं ती नर्स होती, आणि वॉर्डातल्या प्रत्येक नाडीला तिनं हेच लावलं होतं. पंधरा दिवसांसाठी मावशीकडे जाताना ती ते कपाटात ठेवून गेली, आणि नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मी ते न विचारता घातलं. ती शनिवारी संध्याकाळी परत येणार होती.

"ओरडेल?" त्यानं विचारलं.

"गप्प बसेल. ते जास्त वाईट."

"हे अचल कारखान्याचं आहे, माहितीये ना? घड्याळाला अचल नाव ठेवणारा मालक म्हणजे काय वल्ली असेल बघा. त्याची बहीण नर्स होती. एकदा म्हणाली, ठोके मोजू की गुणाकार करू? म्हणून त्यानं तबकडीच्या कडेनं हे लाल आकडे छापले. काटा बारावर आला की मोजायला लागायचं. तीस ठोके झाले की काटा जिथे असेल तो आकडा, मिनिटाला तेवढे ठोके. अशी फक्त तीनशे घड्याळं काढली. मग बॅटरीची घड्याळं आली आणि कारखाना बसला."

बोलता बोलता त्यानं घड्याळ चुंबकत्व घालवणाऱ्या, तारेच्या वेटोळ्याच्या यंत्रावर धरलं, बटण दाबलं आणि हात सावकाश मागे घेतला. मग मागचं झाकण उघडून मला आतली बाजू दाखवली. तिथे सुईनं कोरलेल्या बारीक चार तारखा होत्या.

"काम पुरं झालं की घड्याळजी तारीख कोरतो. पुरं झाल्याशिवाय नाही. ही आमची रीत." त्यानं झाकण बाजूला ठेवलं. "हे इथेच राहू दे. रोज दुपारी एकला येऊन वेळ पडताळायची. शनिवारपर्यंत."

तो सोमवार होता.

मंगळवारी घड्याळ सहा सेकंद पुढे होतं. बुधवारी पाच. बुधवारी दुकानात खुर्च्या दोन होत्या.

"कोणी येणार आहे?" मी विचारलं.

"आलंय," तो म्हणाला आणि चिमटा पुसू लागला... चिमटा आधीच लखलखीत होता.

"पावती कुठल्या नावानं केलीत?"

त्यानं घड्याळ ठेवायचं कागदी पाकीट उलटं केलं. नावाच्या जागी लिहिलं होतं, 'चुंबक'.

गुरुवारी मी बाहेर पडून छत्री उघडत होते, तेव्हा शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्या काकांनी हाक मारली. "काय गं, तेविसावं तूच आणलंस ना? अचलची बावीस मॉडेलं जमवलीत पठ्ठ्यानं. नर्सचं तेवढं मिळत नव्हतं. सहा वर्षं गळ टाकून बसलाय."

छत्री अर्धवट उघडी तशीच राहिली. मी भिजले.

संध्याकाळी घरी सगळं पुन्हा तपासलं. त्याचं हळुवार बोलणं, दुसरी खुर्ची, कारखान्याची गोष्ट सांगताना चमकणारे डोळे. ते डोळे माझ्याकडे होते की माझ्या समोरच्या तबकडीकडे? दोन्ही गृहीतकांना पुरावा एकच होता. जेवण गेलं नाही. शुक्रवारी मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

शनिवारी एक वाजता गेले. तो दारातच उभा होता.

"काल आला नाहीत. मला वाटलं..."

"काम होतं." मी बसले नाही. वाटेत घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं. "आईला हे घड्याळ विकायचंय. तुम्हाला हवं असेल तर घ्या."

त्यानं घड्याळ पुढ्यात घेतलं, अंगठ्यानं काच पुसली. रिकाम्या खणाकडे त्याची नजर गेली, हे मी पाहिलं.

"नको," तो म्हणाला.

"का? तेवढाच खण रिकामा आहे ना?"

"काकांच्या जिभेला हाड नाही." त्यानं शेजारच्या दुकानाकडे पाहिलं. "राहू दे रिकामा. हे घेतलं तर वेळ पडताळायला तुम्ही पुन्हा कशाला याल?"

माझा विश्वास बसत होता. म्हणूनच पुन्हा तपासायला हवं होतं. "झाकण उघडा," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता."

त्यानं उघडलं. चार जुन्या तारखांखाली पाचवी होती. सोमवारची.

"सोमवारीच काम पुरं झालं होतं?"

त्याचे कान लाल झाले. "दहा सेकंदांत. तुम्ही विज्ञान शिकलेल्या... मला वाटलं, मंगळवारीच पकडाल."

"चुंबकत्व घालवायला किती वेळ लागतो ते मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत आहे."

"मग येत का राहिलात?"

"वेळ पडताळायला," मी म्हटलं, आणि मग नीट सांगितलं, "तुम्हाला बघायला. आणि आई घड्याळ विकत नाहीये. खोटं बोलले."

"कळलं होतं. तुम्ही किंमतच सांगितली नाही. खरं बोलताना तुमच्या प्रत्येक वाक्यात आकडा असतो."

त्यानं झाकण बसवलं, दाबलं, घड्याळ माझ्या हातात दिलं. बोटं तसूभर हलली नाहीत.

"तुमचा हात कधीच थरथरत नाही का?"

"हात नाही थरथरत." त्यानं बाही वर केली आणि मनगट माझ्यापुढे धरलं. "मोजून बघ."

आई लावायची तशी मी तीन बोटं लावली. काटा बारावर आला तशी मोजायला सुरुवात केली. तिसाव्या ठोक्याला काटा लाल आकड्यांत एकशे वीसच्या किंचित पुढे सरकला होता.

एकशे अठरा.