तळघरातली मेजवानी

बारशाच्या दुपारी बॅरन लेबरेख्ट स्वतःच वाइन आणायला तळघरात उतरला. नोकरांना त्याने नाचायला पिटाळलं होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी ट्रोसिनच्या गढीत पाळणा हलला होता. पोमेरेनियातल्या त्या आडबाजूच्या जहागिरीतली सगळी कुळं अंगणात भाजलेल्या हंसावर ताव मारत होती. बॅरनचा आनंद पोटात मावत नव्हता. खुपत होतं ते फक्त आत्याचं बोलणं.

"मुलगीच ना रे?" कुनिगुंडे आत्या चारचौघांत म्हणाली होती. "म्हणजे गढी जाणार चुलतभावाच्या घशात. खाली झोपलेल्या वाडवडिलांना काय तोंड दाखवणार आहेस?"

वाडवडील खरोखरच खाली होते. वाइनच्या पिंपांमागे भिंत, आणि भिंतीपलीकडे घराण्याच्या शवपेट्या.

बॅरनने सुरई तोटीखाली धरली. गारठा, ओल, जुन्या लाकडाचा आंबूस वास. वरच्या नाचाची फिडलं इथे ऐकू येत नव्हती. तरी कुठेतरी पेले किणकिणत होते... त्याने तोटी बंद केली. किणकिण थांबेना. भिंतीपलीकडे बाकं सरकली, कुणीतरी खोकलं, आणि मग एक गडगडाटी हसू आलं. ते हसू त्याच्या लहानपणापासूनच्या ओळखीचं होतं.

"बाबा...?"

किणकिण थांबली. मग भिंतीला अगदी लागून कुजबुज आली.

"लेबू... काय झालं रे? मुलगा की मुलगी?"

खोटं बोलावं, असं क्षणभर त्याला वाटलं. "मुलगी," तो म्हणाला. "आणि मला हवीच होती, बाबा!"

पलीकडे एकच जल्लोष उसळला! पाय आपटले, पेले आदळले. "अगं बाई, पोरगी! किती पिढ्यांनी!" म्हणत कुणी म्हातारी हसता हसता रडायला लागली.

"चुलतभावाला म्हणावं, बस वाट बघत!" वडील गरजले.

बॅरनलाही हसू फुटलं, डोळे भरून आले. पेला भिडवावा तशी सुरई भिंतीला टेकवून तो तशीच तोंडाला लावून प्यायला.

"नाव काय ठेवलंस?"

"मेख्टहिल्ड."

"छान. आणि दुसरीचं?"

"दुसरी...? बाबा, एकच आहे."

"अगं बाई," पलीकडून म्हातारी कुजबुजली, "त्याला दुसरी दिसत नाही वाटतं."

सुरई तिथेच टाकून तो जिना चढत सुटला. त्याची बायको ओटिलिए पाळण्यावर वाकून हसत होती.

"अहो, बघा ना! मघापासून कुणाशी बोलतेय ही?"

मान एका कुशीला वळवून मेख्टहिल्ड खुशीत हुंकार देत होती. तिच्या शेजारी उशीला छोटासा खळगा पडला होता. बॅरनने त्यावर हात ठेवला.

ऊब होती.