पायांनी खाणारी बुंदी

"कवड्या, पकड तिले! भिंतीवरून पडून राहिली ना ती!"

प्रेमलता ओरडेपर्यंत पलीकडच्या घरातल्या कवडूने सदरा पसरून बुंदीला झेललंही होतं. बुंदी ही प्रेमलताची मांजर, रंगाने बुंदीच्या लाडवासारखी पिवळी. एरवी नागपूरच्या महाल भागातली ती अरुंद गल्ली एका उडीत ओलांडायची. आज मात्र तिचे पाय लटपटत होते, तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि अंग थरथर कापत होतं.

"तिसऱ्यांदा!" प्रेमलताचा धाकटा भाऊ अनंत म्हणाला. "मागच्या सोमवारी, मग शुक्रवारी, आन् आज परत."

१९३६ सालच्या दिवाळीच्या सुट्ट्या लागून दोनच दिवस झाले होते. आज तिघांनी अंबाझरीच्या तलावावर जायचं ठरवलं होतं, कागदात दशम्याही बांधून ठेवल्या होत्या. पण आता कुठलं अंबाझरी!

गडबड ऐकून शेजारचे गणपतराव खडावा वाजवत बाहेर आले. गणपतराव म्हणजे निवृत्त आरोग्य निरीक्षक. गल्लीत केळीचं साल पडलं तरी त्यांना रात्री झोप लागत नसे. त्यांच्या फिनाईलच्या वासाची तर गल्लीला इतकी सवय झाली होती, की पाहुणे नाक धरून आले की लोक विचारत, "काय झालं बुवा?"

"दूध!" गणपतरावांनी बोट वर केलं. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मनोहरराव, आज मांजर, उद्या तुमची मुलं! त्या गवळणीचं दूध या गल्लीत आता नको."

प्रेमलताचे वडील मनोहरराव कचेरीत जायला निघाले होते. त्यांनी टोपी नीट केली आणि मान हलवली. दूध घालणारी जिजाबाई कोपऱ्यावरच उभी होती, डोक्यावर चरवी घेऊन.

"मी काई नाई घातलं बाप्पा दुधात," ती म्हणाली. "सात वर्षं झाले मले या गल्लीत."

"उद्यापासून येऊ नका, जिजाबाई," मनोहरराव म्हणाले. "रविवारी आम्ही दुसरा गवळी ठरवणार आहोत."

पदर सावरून जिजाबाई वळली आणि चालू लागली. प्रेमलताला तिच्याकडे बघवेना. कारण गणपतराव काहीही म्हणोत, दुधाचं नाव पहिल्यांदा तिनेच काढलं होतं! मागच्या सोमवारी बुंदीला पहिल्यांदा वांती झाली तेव्हा तीच सगळ्यांसमोर ओरडली होती, "आत्ता तर जिजाबाईचं दूध पेली, आन् लगेच असं झालं!" तेवढ्या एका वाक्यावर गल्लीने निकाल लावून टाकला होता.

"ताई," अनंत हळूच म्हणाला. त्याच्या ओठांवर दुधाची मिशी होती. "थेच दूध मी पण पेलो. दोन पेले! मग मी काहून नाही पडलो?"

प्रेमलता त्याच्याकडे बघतच राहिली. खरंच की!

"चाला," ती उठली. "आधी हिले डॉक्टरकडं नेऊ."

सदर भागात जनावरांचा दवाखाना होता. टोपलीत जुनं लुगडं घालून त्यावर बुंदीला ठेवलं, वरून फडकं बांधलं आणि तिघं जवळजवळ पळतच निघाले. तिथले महादेवराव डॉक्टर उंच, दाढीवाले, कमी बोलणारे. दवाखाना नुकताच धुतला होता आणि तोही फिनाईलने घमघमत होता. डॉक्टरांनी जाड हातमोजे घालून बुंदीचं तोंड उघडलं, मग एकेक पाय उलटा करून पाहिला.

"जिभेवर फोड आहेत. आणि हे बघा, तळवेही लाल झालेत."

"दुधानं होते का असं?" कवडूने विचारलं.

"दुधाने तळवे कसे भाजतील रे?" डॉक्टरांनी साबणपाण्याने बुंदीचे चारही पाय धुतले, खसखसून नाही, अगदी हळुवार. "एक लक्षात ठेवा. मांजर तोंडाने खातं तसं पायांनीही खातं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "पायांनी?"

"दिवसभर काय करतं ते? अंग चाटतं! पायाला जे लागलं ते जिभेवर, जिभेवरचं पोटात. ही कशावरून चालली ते शोधा, रोग सापडेल. दोन दिवस घराबाहेर सोडू नका. स्वच्छ पाणी ठेवा, मऊ भात द्या. आणि हो, ती दुखण्यात असताना तिच्या तोंडात बोटं घालू नका. लाडकी असली तरी चावेल."

संध्याकाळी वडील कचेरीतून आल्यावर प्रेमलताने हे सगळं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "कशावरून चालली?"

"ते... अजून माहीत नाही, बाबा."

"मग माहीत झालं की सांग."

बोलणं तुटलं. पण प्रेमलताच्या डोक्यात आता चक्र सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं माडीवर बसले. बुंदी टोपलीत झोपली होती.

"दूध येते रोज," प्रेमलता म्हणाली, "आन् ही पडते सोमवारी, शुक्रवारी. मग सोमवारी आन् शुक्रवारी आपल्या गल्लीत काय होते?"

"शुक्रवारी फुटाणे!" अनंत लगेच म्हणाला.

"तुले खाण्याबिगर काई सुचते का बे?" कवडू हसला. "आन् सोमवारी? सोमवारी तर माह्या मामीचा उपास राह्यते."

"म्हणजे आपल्याले माहीतच नाही ती जाते कुठं," प्रेमलता म्हणाली. "शुक्रवारी मोकळी सोडू, आन् तिच्या मागं—"

ती मधेच थांबली आणि तिने स्वतःच जीभ चावली. "नाही! शुक्रवारी नाहीच सोडायची. जाणूनबुजून आजारी पाडायचं का तिले? गुरुवारी सोडू. गुरुवारी तिले काही होत नाही. रस्ता गुरुवारी शोधू, आन् शुक्रवारी त्या रस्त्यानं आपण जाऊ!"

"वा वं प्रेमा!" कवडूने मांडीवर थाप मारली. "पण रस्ता कसा समजन? छपरावर गेली की दिसतच नाही थे."

"रांगोळी!" अनंत उडालाच. "निरनिराळ्या रंगांची! जाईन तिकडचा रंग पायाले लागन!"

"आन् मग ती पाय चाटन," प्रेमलता म्हणाली. "डॉक्टर काय म्हणले, विसरला का?"

"मग लाल तिखट—"

"आधी तुह्या तळपायाले चोळते थांब!"

शेवटी स्वयंपाकघरावर धाड पडली. कवडूच्या छपराकडे जाणाऱ्या कट्ट्यावर तांदळाची पिठी पसरली. मागच्या परसाच्या वाटेवर जवसाची पूड, मीठ-तिखट काही न घालता. आणि गणपतरावांच्या बाजूच्या भिंतीवर बेसन. आईने डबे पाहिले तेव्हा बेसन निम्मं झालं होतं. दिवाळीच्या तोंडावर हे असं! अनंताने तेव्हा जे तोंड केलं ते पाहून आईसुद्धा रागावायचं विसरली.

गुरुवारी सकाळी थंडी चांगलीच पडली होती. दोन दिवसांनी मोकळी झालेली बुंदी अंग ताणत बाहेर पडली. कट्ट्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. परसाकडे एकदा नाक केलं. मग टुणकन भिंतीवर चढली, बेसनातून डौलात चालत गेली आणि गणपतरावांच्या अंगणात उतरली!

तिघं भिंतीवरून डोकावले. पिवळ्या पावलांची रांग थेट गणपतरावांच्या न्हाणीघरात शिरली होती. तिथे आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. आंघोळी आटोपल्या तरी तो तासन् तास कोमट राहायचा. बुंदी त्याला पाठ लावून, डोळे मिटून, महाराणीसारखी बसली होती. आणि बसल्या बसल्या पाय चाटत होती!

"थंडी वाजून राहिली ना तिले," कवडू पुटपुटला. "थंडी पडल्यापासूनच जात असन."

"पण तिथं आहे काय?" प्रेमलता म्हणाली. उत्तरासाठी शुक्रवारची वाट पाहणं आलं.

शुक्रवारी बुंदीला माडीवर कोंडलं. ती आतून असा आक्रोश करत होती, की जणू तिघांनी तिचं राज्यच लुटलं होतं. साडेनऊच्या सुमारास तिघं हात जोडून गणपतरावांच्या दारात उभे राहिले.

"काका," प्रेमलता शक्य तेवढ्या गोड आवाजात म्हणाली, "आम्हाला सुट्टीत स्वच्छता शिकायची आहे. तुमच्यासारखी!"

गणपतरावांची छाती फुगली. तीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. "या! आज माझा न्हाणीघराचाच दिवस आहे. सोमवार आणि शुक्रवार, नियम म्हणजे नियम!"

कवडूने प्रेमलताला कोपर मारलं. गणपतरावांनी फिनाईलची काळपट बाटली काढली आणि न्हाणीतल्या फरशीवर भळभळ ओतली. बंबाच्या पायाशी तर चांगलं थारोळं झालं.

"काका, पाणी नाही टाकत?" कवडूने विचारलं.

"छे! पाणी घातलं की जोर जातो."

प्रेमलताने बाटली उचलून कागद वाचला. "यात तर लिहिलंय, चमचाभर औषध, बादलीभर पाणी. आणि खाली लिहिलंय, लहान मुलं नि जनावरं यांच्यापासून दूर ठेवा."

"बारीक अक्षर मला वाचवत नाही," गणपतराव जरा घुटमळले. "आणि आमच्या घरी जनावर आहेच कुठे?"

"आहे, काका. ते बघा."

दाराजवळच्या कोरड्या फरशीवर, गणपतरावांच्या अधू नजरेतून सुटलेली, कालची बेसनाची पावलं अजून स्पष्ट होती. गणपतराव वाकले. पावलांच्या मागे मागे त्यांची नजर बंबापर्यंत गेली आणि तिथल्या थारोळ्यावर थांबली.

"आमची बुंदी इथं रोज शेकायला येते," प्रेमलता म्हणाली. "तुमच्या पायांत खडावा आहेत. तिच्या पायांत काही नाही. घरी येऊन ती पाय चाटते."

गणपतराव मटकन पाटावर बसले.

"आणि मी त्या बाईला..." ते म्हणाले. "मी आरोग्य निरीक्षक! मीच!"

एक मात्र मानलं पाहिजे. माणूस हेकट होता, पण लबाड नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे बादल्या ओतून न्हाणीघर धुऊन काढलं आणि संध्याकाळी मनोहरराव कचेरीतून येताच गल्लीच्या मधोमध उभं राहून सगळं सांगितलं. मनोहररावांनी आधी बाटलीवरचा कागद वाचला, मग पोरांकडे पाहिलं.

"माहीत झालं की सांग म्हटलं होतं मी," ते म्हणाले. "तू तर दाखवलंस, पोरी! शाबास तुम्हा तिघांची! उद्या सकाळी जिजाबाईंना निरोप धाडतो."

"निरोप नको, बाबा," प्रेमलता म्हणाली. "मी जाते. आत्ताच. दुधाचं नाव पहिल्यांदा मी काढलं होतं."

नाग नदीपलीकडच्या गवळीपुऱ्यात जिजाबाईचं घर होतं. मनोहरराव आणि गणपतराव दोघंही पोरांबरोबर आले, पण दारात प्रेमलताच पुढे झाली. वाटेत तिने मोठं भाषण जुळवलं होतं. जिजाबाई म्हशीला पेंड घालत होती. तिने मागे वळून पाहिलं आणि प्रेमलताचं भाषण पार विरून गेलं.

"तुमच्या दुधानं नाही झालं," ती कशीबशी म्हणाली. "मी उगीच बोलली. न पाहताच बोलली. माझं चुकलं, जिजाबाई." आणि तिला रडू आलं.

मागे गणपतराव टोपी काढून उभे होते. "बाई, दोष माझा आहे," ते म्हणाले.

जिजाबाईने हात पदराला पुसले. तिने गणपतरावांकडे पाहिलं, मनोहररावांकडे पाहिलं आणि मग प्रेमलताची हनुवटी वर केली.

"सारी गल्ली बोलली, पोरी. पण कोणी इचारलं नाही, जिजाबाई, तुले काय म्हणायचं हाये. तू घरापावतर आली." "थे मांजर कशी हाये वं? जेवली का आज?"

"जेवली," प्रेमलता हुंदक्यातून म्हणाली. "दोनदा!"

"बस झालं मंग," जिजाबाई म्हणाली आणि दुसऱ्या दिवशीच्या दुधाची चरवी घासायला बसली.