मनगटावरची अक्षरं

माझ्या बाकीच्या गोष्टींना थापा म्हणता, खुशाल म्हणा. ही मात्र खरी आहे. माझ्या सख्ख्या मामेबहिणीच्या घरात घडलेली.

गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ. जागा, नदीकाठचं तिचं इंजिन दुरुस्तीचं दुकान.

दुकान मूळचं मामांचं. पंप, जनरेटर, होडीची इंजिनं, सगळं त्यांच्या हातून जायचं. नवा स्पार्क प्लग बसवण्याआधी मामा त्याच्या पांढऱ्या भागावरच्या छापील अक्षरांवर अंगठ्याचं नख घासायचे.

खर्र... खर्र...

अक्षर पुसलं गेलं, की माल नकली. मग तो प्लग दारातूनच नदीत! पुन्हा कुणाच्या इंजिनात जायला नको.

जावयाकडे बघूनही ते अंगठा चोळायचे. "हा माल काही मला अस्सल वाटत नाही."

जावई होडी चालवायचा. मनगटावर बायकोचं नाव गोंदवून घेतलेलं. ते पुढे करून म्हणायचा, "घासून बघा की, सासरेबुवा!"

पुढे मामा त्याच नदीत बुडाले. घरातून निघताना खिशात नेहमीसारखा एक अस्सल प्लग होता.

मामा सापडलेच नाहीत.

तर त्या संध्याकाळी होडीचं इंजिन झटके देत होतं. नवऱ्याने कुठूनतरी प्लगचा डबा पैदा केला होता.

"बसव गं पटकन. माणसं खोळंबलीत."

"थांब, नख लावून बघू दे."

"झालं! बापावर गेलीस अगदी."

तिने चिडून, न बघताच बसवला. होडी सुटली.

आणि मागे, डबा ठेवलेल्या दुकानातल्या फळीवर...

खर्र... खर्र...

दुकानात कुणीच नव्हतं.

तिने डबा उघडला. उरलेल्या सगळ्या प्लगवरची अक्षरं पुसलेली होती. एकूण एक.

ती काठाकडे धावत सुटली. भर पाण्यातून इंजिनाचा आवाज येत होता. अडखळत... अडखळत...

मग तोही थांबला.

तिने हाक मारायला तोंड उघडलं.

...आणि इंजिन सुरू झालं. एका लयीत. मामांनी नुकतंच हातावेगळं करावं तसं.

"मधेच मेलं होतं बघ," परतल्यावर नवरा म्हणाला. "धारेला लागलो होतो. मग आपोआप चालू! मी दोरीला हातही लावला नव्हता."

तिने प्लग काढला.

तिने बसवलेला तो नव्हताच. जुना होता. गाळाने माखलेला.

तिने नख घासलं. अक्षरं जागची हलली नाहीत.

"बाबा..." तिला रडूच कोसळलं.

"पावले म्हणायचे सासरेबुवा!" नवरा मनगट खाजवत हसला.

तिथे, गोंदलेल्या नावाच्या पहिल्या अक्षरावर, लाल ओरखडा होता.

तेव्हापासून अंथरुणाला पाठ टेकली, की तिला ऐकू येतं. नवऱ्याच्या बाजूने.

खर्र... खर्र...

परवा मी गेलो, तर दारातच म्हणाली, "दादा, पहिलं अक्षर गेलं. दुसरं पुसट झालंय."

"अगं, साबणाने गेलं असेल..."

"गोंदण साबणाने जातं?"

जन्मात पहिल्यांदा मला थाप सुचली नाही.

"त्याला म्हणावं, काही दिवस होडी काढू नकोस."

"म्हटलं. हसतो नुसता." मग तिने आवाज खाली आणला. "दादा... नकली माल बाबा कुठे टाकायचे?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात काठावर होडीचं इंजिन सुरू झालं. एका लयीत.

नवरा अजून आतच होता. चपला शोधत.