साक्षीनं सांगितलेली सिरियल

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसला, तर समजा हा आबाराव म्हातारा झाला. परतूरच्या बाजारात आजवर एकाही माणसानं माझं बोलणं खरं मानलेलं नाही, आणि ही कमाई मी काही सहजासहजी केलेली नाही. यंदा कामाला आलेल्या नव्या बायकांना बांधावर बसून सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

मागच्या भादव्यात माझ्या कपाशीला कान फुटले.

हसू नका. माझ्या शेतात कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट आहे. दुपारी बायका मादी झाडाच्या कळ्या सोलून त्यांना लाल कागद अडकवतात, दुसऱ्या सकाळी नराचं फूल आणून त्यावर हलकेच फिरवतात. फुलांची लग्नंच लावायची म्हणा ना! हात गुंतलेले, कान मोकळे. त्यात आमच्या गावची लाईट नेमकी सिरियलच्या वेळेला जाते. मग जिच्या मोबाईलमध्ये नेट शिल्लक असेल तिनं सकाळी ओळीत सगळ्यांना कालचा भाग सांगायचा, असा आमच्या प्लॉटचा रिवाज.

हे काम साक्षीकडं होतं. बी. ए. झालेली पोरगी, हंगामापुरती आईबरोबर यायची. ती सांगू लागली की कपाशीची झाडं तिच्याकडं कलायची. वारा नसताना!

अशाच एका सकाळी बियाणं कंपनीचा नवा सुपरवायझर रामप्रसाद जालन्याहून मोटारसायकलवर आला. त्याचे वडील टॉकीजवर डोअरकीपर होते, त्यामुळे पोरगं अंधारात सिनेमे बघत वाढलेलं. जगाची जी काही माहिती, ती पडद्यावरून घेतलेली. बांधावर पाय ठेवतो न ठेवतो तोच कानावर आवाज आला —

"...मंग रेणूनं सासूपुढं चाव्या ठेवल्या न म्हणली, रडून रडून थकले. आता मी शिवणाचं दुकान टाकते!"

"बराबर केलं बाईनं!" ओळीतली सोनूबाई ओरडली. अख्खी ओळ खुश. रामप्रसाद मात्र फुलं बघायची सोडून सांगणारीकडंच बघत राहिला. तिच्या भुवईला पिवळे परागकण लागले होते...

काही दिवसांनी तपासणीचं निमित्त काढून तो तिच्या ओळीत शिरला.

"मी पाह्यली ती सिरियल," तो हळूच म्हणाला. "मुद्दाम पाह्यली."

"मंग?"

"रेणू अजून रडूनच राह्यली. दुकान-बिकान काही न्हाई तिथं."

साक्षीच्या बोटातलं फूल थबकलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण नजर खाली गेली नाही.

"टीव्हीवाल्यांना उशिरा कळतं, साहेब."

"म्हणजे तुम्ही मनानंच सांगता?"

"दिवसभर वाकून काम करायचं न वरून रडणंच ऐकायचं का ह्या बायकांनी? लोक म्हणतात, सिनेमा-सिरियलीतून शिकावं. शिकण्याजोगं तिथं असलं तर शिकतील ना. नसलं तर मी घालते." मग ओठ दाबत तिनं विचारलं, "तुम्ही काय शिकलात सिनेमातून?"

"एकच. हिरो शेवटी येतो म्हणजे येतोच."

"शेवटीच का? आधी काय करून राह्यलेला असतो?"

रामप्रसादनं वहीत उगाच काहीतरी खरडलं. त्या दिवसापासून त्याची तपासणी साक्षीच्या ओळीत सुरू व्हायची आणि तिथंच संपायची. बाकीच्या ओळी त्यानं देवाच्या भरवशावर सोडल्या.

आणि एक दिवस बातमी आली. अंकुशनगरच्या कारखान्यात नोकरीला असलेला मुलगा रविवारी साक्षीला पाहायला येणार.

दुसऱ्या सकाळी साक्षीनं भाग सांगितला. आवाज नेहमीचा नव्हता. "रेणूच्या धाकट्या बहिणीला पाहुणे पाहून जाणार हायेत. तिच्या मनात एक जण हाये... पण तो रोज येतो, फुलं बघतो न किक मारून जातो."

बांधावर रामप्रसाद वही उघडून उभा होता. सोनूबाईनं थेट बांधाकडं बघत विचारलं, "न त्या मुक्याचं पुढं काय व्हतं गं?"

"मला काय ठाऊक? पुढचा भाग त्याच्याकडं हाये."

त्या मुक्याच्या हातातला पेन मातीत पडला. संध्याकाळी तो माझ्याकडं आला, डोळे चमकत होते. "आबा, ठरलं! रविवारी पाहुणे बसलेले, तिच्या हातात पोह्याच्या बशा... आणि मी दारात!"

"अरे येड्या, सिनेमात शेवटची घडी पाव तास चालते. आमच्याकडं पोहे संपले की सुपारी फुटते. आत्ता जा, बोल."

तो चप्पलेनं माती उकरत राहिला. "आधी बोललो न ती न्हाई म्हणली तर? ... आबा, हिरो शेवटी का येतो ते आज कळलं मला. भितो म्हणून."

तर आला रविवार! पाहुण्यांची जीप वेशीपाशी आली, तर माझ्या कपाशीनं दोन्हीकडून फांद्या टाकून रस्ता अडवला. तिकडं रामप्रसादची मोटारसायकल वाटेत बंद. पठ्ठ्यानं मालगाडीच्या टपावर उडी घेतली, परतूरला चालत्या गाडीवरून उतरला, रानातून पळत सुटला, आणि तो जसजसा पळेल तसतशी दोन्ही बाजूंची पांढरी फुलं लाल होत गेली. दारात उभा राहून त्यानं आरोळी ठोकली, "साक्षी —"

"खोटं! बिलकुल खोटं!"

बांधावर माझी गोष्ट ऐकत बसलेल्या नव्या बायकांनी माना वळवल्या. ओळीच्या टोकाला साक्षी उभी होती, हातात हिरवा चुडा, आणि तिच्यामागं दोन्ही हेल्मेटं सांभाळत रामप्रसाद. मला भेटायला आले होते, तेही नेमके गोष्ट रंगात आली असताना.

"आबा, कुठं पळत आल्ते हे? शनिवारी मीच परतूरहून गाडी धरून जालन्याला गेल्ते! ऑफिसात शिरले न सगळ्यांसमोर इचारलं, साहेब, मागणी तुम्ही घालता का मी घालू? रविवारी पाहुणे आलेच न्हाईत, आईनं सकाळीच फोन करून नको म्हणलं. अन् ह्यांच्या तोंडून तर एक शब्द फुटला न्हाई. निस्ती मान हलवली!"

मी रामप्रसादकडं पाहिलं. त्यानं मान हलवली.