पाचवं मनगट

कढईतला लसूण तांबूस व्हायला लागला होता, तेवढ्यात पद्माताई मगदूमांच्या डाव्या मनगटाला कळ आली.

कळ म्हणजे दुखणं नव्हे. मनगटावरची करडी पट्टी आवळायची, सैल व्हायची, पुन्हा आवळायची. घाबरलेल्या माणसानं हात धरावा तशी. शेजारच्या बाईच्या हातात झारा देऊन पद्माताई उठल्या. भट्टीच्या पलीकडे, चुरमुऱ्यांची पोती रचायच्या पडवीत ऋतुराज खोत भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याच्याही मनगटावर पट्टी होती, पण काळी, आणि कुलूप घातलेली.

"काय झालं रे?"

"काही नाही, ताई. जाईल आता."

पद्माताईंनी आपली पट्टी त्याच्या पट्टीला टेकवली. बारीक आवाज झाला. सोबती पोचल्याची नोंद जिल्ह्याच्या केंद्रात गेली. थोड्या वेळानं आवळणं मंदावलं आणि थांबलं. रस्ता रिकामा होता. गल्लीच्या टोकाला एक निळी छत्री तेवढी वळताना दिसली.

गेला आठवडाभर हे असंच चाललं होतं. रोज दुपारी, याच सुमाराला.

ऋतुराजला जयसिंगपुरात परत येऊन चार महिने झाले होते. नव्या सोबत कायद्यानं शिक्षेची शेवटची दोन वर्षं गावात काढता येत, पण त्यासाठी गावातल्याच पाच माणसांनी सोबती व्हायला हवं होतं. काळी पट्टी कैद्याचा घाम, नाडी आणि कातडीची ऊब मोजायची, त्यावरून त्याची भीती किंवा राग ओळखायची आणि त्याची कळ पाचही सोबत्यांच्या मनगटांवर पोचवायची. कळ आली की अर्ध्या तासात कुणीतरी त्याच्याजवळ पोचलं पाहिजे आणि ती उतरली पाहिजे. नाही उतरली, तर पोलिसांची गाडी. पाचांतला एक जरी सुटला आणि आठवड्यात दुसरा मिळाला नाही, तरी गाडीच.

कायदा मुंबईत झाला, पण माणसं गल्लीत शोधायची होती. ते काम पद्माताईंनी अंगावर घेतलं. त्यांचा भडंगचा कारखाना होता, आणि तुरुंगातून सुटून आलेल्या तिघांना त्यांनी आजवर कामावर ठेवलं होतं. काम मिळालं की माणूस टिकतो अशी त्यांची समजूत होती. तिघांतला एकही दिवाळीपर्यंत टिकला नाही. दिवसभर राबून खोलीवर गेल्यावर त्यांच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. म्हणून या वेळी त्या दारोदार फिरल्या. ऋतुराजची मावशी तयार झाली, रिक्षावाले मुजावर झाले, औषधाच्या दुकानातले उपाध्ये आणि शाळेतले कसरतीचे घाटगे सर झाले. स्वतः पद्माताई धरून पाच.

तीन महिन्यांनी घाटगे सर पट्टी परत करायला आले. मुलीच्या सासरी बोलणी चालली होती. खुनी माणसाचा धडधडाट हातावर बांधून फिरणारा व्याही तिकडे नको होता. सर खाली मान घालून उभे राहिले.

मग पुन्हा दारं. "आमचं काही नाही हो, पण घरात लहान पोरं आहेत." "माणुसकी ठीक आहे, ताई, पण ती मनगटाला बांधून घ्यायची का?" त्या दिवसांत पद्माताईंना अन्न गोड लागेना. अंघोळीलाही त्यांची उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर असायची.

मुदत संपायच्या आदल्या सकाळी वैजयंता आवटी कारखान्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

पद्माताईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आवटीवहिनींचा एकुलता एक मुलगा निनाद सहा वर्षांपूर्वी गेला होता. गाड्यांच्या चार्जिंगच्या रांगेवरून बाचाबाची झाली, ऋतुराजनं त्याला ढकललं आणि निनादचं डोकं कठड्यावर आपटलं. ऋतुराज पळून गेला. निनाद तिथंच पडून राहिला होता.

"पाचवं माणूस मिळालं का?" आवटीवहिनींनी विचारलं.

"नाही."

"मला बांधा."

"वहिनी, तुम्ही कशाला..."

"अर्धा तास जिवंत होतं माझं पोर. अर्ध्या तासात कुणी आलं नाही. आता हा घाबरला की पाच जणांनी पळत जायचं, असा कायदा झालाय म्हणे." त्यांचा आवाज चढला नाही. "याला खरंच काही वाटतं का, ते मला बघायचंय. कोर्टात त्याचं तोंड दगडासारखं होतं."

पद्माताईंनी केंद्राला फोन लावला. वहिनींना मनाई करणारं कलम नव्हतं; कैद्याची संमती तेवढी हवी होती. ऋतुराजनं मान हलवून होकार दिला. त्या संध्याकाळी पाचवी पट्टी आवटीवहिनींच्या मनगटावर बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून ही दुपारची कळ सुरू झाली.

छत्री दिसली त्याच्या दुसऱ्या दिवशी पद्माताई मुद्दाम पडवीत हिशेब घेऊन बसल्या. दुपारी निळी छत्री गल्लीत शिरली. आवटीवहिनी कारखान्यासमोर थांबल्या, ऋतुराजकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या मनगटाकडे. पद्माताईंची पट्टी आवळायला लागली. वहिनी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि चालू लागल्या.

पद्माताईंनी त्यांना कोपऱ्यावर गाठलं.

"हे काय चाललंय, वहिनी?"

"बघून जाते."

"तुम्ही आलात की तो घाबरतो."

"माहीत आहे. तेवढंच बघायला येते. त्याशिवाय घास उतरत नाही मला."

"एखाद्या दिवशी त्याची कळ उतरलीच नाही तर त्याला घेऊन जातील."

"मग जाऊ दे," वहिनी म्हणाल्या. पण म्हणताना त्यांचा हात पट्टीवर होता, आणि पट्टी सैल होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

पद्माताईंची दोन्हीकडून कोंडी झाली. वहिनींना काढावं तर ऋतुराज आत जाणार, ठेवावं तर रोज हा छळ. त्यांनी ऋतुराजला विचारलं. पोत्याचं तोंड शिवता शिवता तो म्हणाला, "राहू द्या त्यांना. बाकीचे तुम्ही सगळे माझी कळ उतरवायला येता. माझ्यामुळे काय झालं, ते फक्त त्यांना ठाऊक आहे."

"पण भीती वाटते ना?"

"लई वाटते."

हे असंच सोडणं पद्माताईंना जमेना. त्या वहिनींच्या घरी गेल्या, हात जोडले. "माझ्यासाठी एवढं करा. पट्टी राहू द्या, पण येऊ नका." वहिनी निनादच्या फोटोखाली बसल्या होत्या. पद्माताई निघाल्या तेव्हा त्यांनी हलकेच होय म्हटलं.

दुसऱ्या दुपारी गल्ली रिकामी राहिली. पद्माताई निर्धास्त होऊन फोडणीला बसल्या.

मग कळ आली. आजवर आली नव्हती अशी. पट्टी सुटायचं नावच घेईना. पद्माताई धावत पडवीत गेल्या. ऋतुराज पोत्यांच्या मागे खाली बसला होता, सदरा घामानं भिजलेला. त्यांनी पट्टीला पट्टी टेकवली. आवाज झाला, नोंद गेली, पण आवळणं तसंच. मुजावर रिक्षा टाकून आले, त्यांनीही टेकवली. पाठीवर हात फिरवला, पाणी पाजलं. काही फरक पडेना.

"बाळा, काय होतंय ते सांग तरी," मुजावर म्हणाले.

"त्या आल्या नाहीत."

"येणार नाहीत आता," पद्माताई म्हणाल्या. "मीच सांगितलंय त्यांना."

त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही. "रोज येऊन बघून जातात. म्हणजे त्या आहेत, जिवंत आहेत. आज नाही आल्या. त्यांना काही झालं तर... तेही माझ्यामुळेच."

मुजावरांच्या फोनवर केंद्राचा निरोप आला. कळ उतरत नाही, पथक तयार ठेवलं आहे. अर्ध्या तासातला बराच वेळ गेला होता.

पद्माताई पायात चपलाही न घालता निघाल्या. दोन गल्ल्या ओलांडून आवटींच्या घरी पोचल्या तेव्हा दार उघडंच होतं. वहिनी मधल्या खोलीत उभ्या होत्या, डाव्या हाताचं मनगट उजव्या मुठीत घट्ट धरून.

"मी गेले नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात म्हणून घरात बसले. तरी हे का थांबत नाही?"

"तुम्ही गेला नाहीत म्हणूनच."

वहिनींना ते कळायला वेळ लागला. पद्माताईंनी धापा टाकत ऋतुराजचे शब्द सांगितले. वहिनींचा चेहरा हलला नाही; मनगट तेवढं आणखी घट्ट धरलं गेलं.

"माझी काळजी," त्या म्हणाल्या. "त्यानं करायची."

"वहिनी, वेळ नाही. यायचं असेल तर आत्ता."

त्यांनी छत्री घेतली नाही. दोघी उन्हातून निघाल्या, अर्धी वाट धावतच. कारखान्याच्या दारात मुजावर फोन कानाला लावून केंद्राला विनवत होते, एवढी पाचच मिनिटं द्या म्हणून. पडवीतून ऋतुराजचा श्वास बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

उंबऱ्याशी आवटीवहिनी थांबल्या. दोघींच्या मनगटांवर पट्ट्या एकाच ठेक्यात आवळत होत्या.

"याच्या हाताला हात लावायचा ना?" त्यांनी विचारलं.

"पट्टीला पट्टी. बस एवढंच."

"आणि मी लावल्यावर ही आणखी आवळली तर?"

"तर त्याला घेऊन जातील."

वहिनींनी एक पाय आत टाकला आणि पुन्हा मागे वळून पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते.

"आणि सैल झाली तर, पद्माताई? तर मग इतके दिवस मी इथं कशासाठी येत होते, म्हणायचं?"