बू सुकेसींनी दिलेली ओ

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच बाबतीत घडलेली. पटली तर घ्या, नाहीतर सोडा. वाद घालायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

मी एंदाह. मध्य जावात, सेमारांगच्या दक्षिणेला, आमच्या भागाच्या जुन्या कागदांचा सरकारी दफ्तरखाना आहे. गाव सांगत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. वर्षभराच्या करारावर मी तिथे लागले.

काम एकच. गठ्ठा काढायचा, पानापानावरची धूळ मऊ ब्रशने झाडायची, पुन्हा बांधून ठेवायचा. उद्या पुन्हा तेच. घरी गेल्यावर जेवायला हात उचलत नसे. आई म्हणायची, तू जिवंत माणसांत कधी येणार?

मला खुर्ची मिळाली ती बू सुकेसींची. बू म्हणजे आमच्याकडे बाई. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. त्यांचा जन्म त्या खोलीत गेला. निवृत्ती तोंडावर आली होती, आणि एका दुपारी त्यांनी टेबलावर डोकं टेकवलं.

ते पुन्हा उचललं नाही...

पाक वागिमिन, म्हणजे वागिमिनकाका, हे तिथले रखवालदार. फटकळ पण मायाळू. पहिल्याच दिवशी म्हणाले, "खुर्ची झकास आहे पोरी. फक्त एकदा बसलं की उठता येत नाही."

त्यांची एक रीत होती. दार लावण्याआधी उंबऱ्यात उभं राहून हाक मारायची, कोण आहे आत? खोली लांबलचक, कपाटांमागचं माणूस दिसत नाही. त्यामुळे आत असेल त्याने ओ द्यायचीच. पूर्वी रोज शेवटची ओ बू सुकेसींचीच असायची म्हणे.

पावसाळा संपला आणि मला आवाज यायला लागला.

सर्र... सर्र...

कागदावर ब्रश फिरल्याचा.

माझा हात तर थांबलेला असायचा...

वळून पाहिलं की सगळं गप्प. थकव्याने कान वाजत असतील, असं म्हणून मी पुढचं पान घ्यायची. घाबरायलाही अंगात जोर लागतो.

मग वाळवीचं औषध मारायचा दिवस आला. वर्षातून एकदा खोलीत विषारी गॅस सोडतात. दारं-खिडक्यांच्या फटी पट्ट्या लावून बंद करतात. त्याआधीचा आठवडाभर गठ्ठे हलवून माझा जीव मेटाकुटीला आला होता.

शुक्रवार होता. भर दुपार. पुरुषमंडळी मशिदीत गेलेली. मी डबा विसरले म्हणून आत गेले. शेवटच्या रांगेत, कपाटाला पाठ लावून, जरा टेकले...

डोळा लागला.

जाग आली तेव्हा पाक वागिमिन मला दंडाला धरून ओढत होते. चेहरा पांढराफटक. दाराशी गॅसवाले नळी जोडून उभे. खिडक्यांच्या पट्ट्या केव्हाच लावून झाल्या होत्या. आणखी थोडा वेळ गेला असता तर मी आज हे सांगायला नसते.

बाहेर त्यांनी मला गोड चहा पाजला. मी विचारलं, मी आत आहे हे कळलं कसं?

"हाक मारली. ओ आली," ते म्हणाले. "आवाज बू सुकेसींचा होता."

मी ढसाढसा रडले. त्या बाईने मला वाचवलं होतं. रमजानच्या आधी त्यांच्या कबरीवर गुलाब-मोगऱ्याच्या पाकळ्या वाहून आले. ब्रशचा आवाज आला की आता उलट बरं वाटायचं. निघताना म्हणायची, येते हं बू.

परवा साहेबांनी आणखी वर्षभराच्या कराराचा कागद हातात ठेवला. घरात दुसरी कमाई नाही. मी आनंदाने पाकना सांगायला गेले. म्हटलं, बू आहेतच सोबतीला.

त्यांनी लवंगेची सिगारेट विझवली.

"सही करायच्या आधी ऐक. त्या दिवशी आवाज कुणाचा ते सांगितलं मी तुला. बू काय बोलल्या ते नाही सांगितलं."

"काय बोलल्या?"

"म्हणाल्या... आत कोणी नाही, पाक. एंदाह घरी गेली. लावा दार."



मेलेली बाई ओ देतेय, म्हणून ते आत धावले होते. नाहीतर दार लावणारच होते.

आपल्या आवाजाने पाक आत येतील हे बूंना माहीत होतं, की त्यांना मी तिथेच हवी होते? पाकना विचारलं. ते एवढंच म्हणाले, "एकटीने किती वर्षं काम करायचं, पोरी?"

कागद पिशवीत आहे. सही केलेली नाही. नाहीही म्हणवत नाही.

उद्या कराराचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाक उंबऱ्यातून हाक मारतील.

मला जागं राहायला हवं. ओ मीच द्यायला हवी... दुसऱ्या कुणी द्यायच्या आत.